गुरुवारची परात

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९६२

वीता,

पाश्काचं पत्र आलं. दचकू नकोस, आणि पोरीवर हातही उगारू नकोस. सहा वर्षांची असताना जिला शेवटचं पाहिलं त्या मावशीला तिने चार ओळी लिहिल्यात, एवढाच तिचा गुन्हा. विचारते, "मावशी, आपल्या गावाकडे भट्टीत भाजलेला पास्ता कसा करतात? इथे आपल्याकडच्या सगळ्या बायका रविवारी करतात. आई करत नाही. विचारलं की उठून आत जाते."

तिला परस्पर उत्तर पाठवता आलं असतं. पण पाकीट तू फोडणारच. लहानपणी माझ्या उशीखालचीही फोडायचीस. म्हणून तुलाच लिहिते. वाचून तिला दे, नाहीतर शेगडीत घाल. माझी आधीची पत्रं शेगडीतच गेली असणार. एकही परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे एवढं मला समजलं.

तर तिला सांग, शाबूत पास्ता घ्यायचा नाही. आईने कधी घेतला नाही. दुकानदाराच्या लाकडी खणांच्या तळाशी तुकडे उरतात, नळ्या, शंख, चपट्या पट्ट्या, सगळी मोडतोड. ते मागायचे. तिकडे खण नसतील तर घरातल्या सगळ्या पुड्यांचे बुडखे जमवावेत. जाड तुकडे आधी उकळत्या पाण्यात टाकायचे, बारीक नंतर, आणि सगळे अर्धेकच्चे असताना उपसायचे. पुढे भट्टी शिजवते. इथे चूक झाली की लगदा होतो, मग वर काहीही घाला.

टोमॅटोचा उन्हात वाळवलेला गर दोन चमचे, कांदा, आणि पास्ता उकळलेलं पाणी. त्या पाण्यानेच रसाला अंग येतं. ते ओतून देणारीला आई आळशी म्हणायची. तुलाच म्हणायची.

मध्येच सांगते, माझा कोसिमो गेला. बारा जानेवारीला. छाती भरून आली होती, आठ दिवस नुसता घरघरत होता. तुझ्या नवऱ्यासारखा समुद्रात नाही गेला, बिछान्यात गेला, तेव्हा तुला काही विशेष वाटणार नाही हे मी धरून चालले आहे.

सांत्वनाची परात कोणी आणली नाही. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही आणि पहिली परात रक्ताच्या बाईकडून यावी लागते, हे तू विसरली नसशील. ती आल्याशिवाय गल्लीतली दुसरी कोणी हात लावत नाही. शेजारची वेनेरांदा मावशी दारापर्यंत आली होती. हात पुसत म्हणते, "इम्माकोला, मी आणली असती गं. पण पहिली कशी आणू? तुझी बहीण जिवंत आहे ना?" म्हटलं, आहे, बेल्जियमला आहे. म्हणाली, "मग झालं." आणि गेली. मी तीन दिवस सुका पाव पाण्यात बुडवून खाल्ला. 

खिम्याच्या गोळ्यांचं पुढच्या पत्रात लिहिते, हात दुखतोय.

इम्माकोलाता

मंगळवार, २७ फेब्रुवारी

वीता,

उत्तर नाही. असो. पोरगी वाट बघत असेल, म्हणून पुढचं लिहिते.

खिमा मूठभर पुरतो. शिळा पाव भिजवून पिळायचा, तो खिम्याच्या तिप्पट घ्यायचा. लसूण, अजमोदा, एक अंडं. आणि गोळे वाटाण्याएवढे वळायचे, मोठे अजिबात नाहीत. मोठे केले की माणूस मोजतो, कोणाच्या ताटात दोन गेले आणि कोणाच्या एक. वाटाण्याएवढे केले की प्रत्येक घासात एक लागतो आणि सगळ्यांना वाटतं की घरात मांस शिजलंय. आपण दोघी अंगणात बसून वळायचो. तुझे नेहमी वेडेवाकडे. दोनातो लग्नाआधी आपल्याकडे पहिल्यांदा जेवला तेव्हा म्हणाला होता, "हे वाकडे कोणी केले? तिच्याशीच लग्न करतो." आई हसून हसून ओट्याला टेकली होती.

मग दोन उकडलेली अंडी, चकत्या इतक्या पातळ की पलीकडचं दिसावं. चीज नसलं तर चीजचं वाळलेलं साल किसावं, तेही नसलं तर पावाचा चुरा तेलात परतून वर पसरावा. खूप लोक आहेत असं समजून रचायचं. परात भरलेली दिसली पाहिजे, आत काय आहे ते देवाला ठाऊक असलं तरी पुरे.

परात. तिच्यावर येणारच होते मी, तुला कळलंच असेल.

आईची तांब्याची परात, काठावर तीन खाचा. भट्टीवर वीस घरांच्या पराती एकदम येतात, खाच नसेल तर भट्टीवाला ओरोंत्सो कोणाची कोणाला देईल सांगता येत नाही. आई गेल्यावर ती आपल्या दोघींत एकच. एक रविवार तुझा, एक माझा. नोव्हेंबर एक्कावनच्या त्या आठवड्यात ती माझ्याकडे होती. दोनातो मंगळवारी पहाटे होडी घेऊन गेला तो आला नाही. बुधवारी आला नाही. तू धक्क्यावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारत होतीस, आणि घरी येऊन त्याच्या वाटणीचं ताट झाकून ठेवत होतीस.

आणि गुरुवारी मी परात घेऊन भट्टीवर गेले.

ओरोंत्सोने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज रविवार नाही, सण नाही. गुरुवारी परात? कोण गेलं गं?"

"आधी भाज," मी म्हटलं.

"भाजतो. पण नाव सांगशील की नाही? वाटेतल्यांना टोपी काढायची की नाही ते कळायला हवं."

पाव घ्यायला आलेल्या बायका वळून परातीकडे बघू लागल्या. भाजून झाल्यावर मी फडकं झाकून परात डोक्यावर घेतली आणि गल्लीतून निघाले, तर वेनेरांदा मावशी खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि तिने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. तेव्हा मला समजलं मी काय करून बसले ते. होडी हरवून तीनच दिवस झाले होते. वाऱ्याने माणूस समुद्रापलीकडे अल्बानियाला लागतो आणि पंधरा दिवसांनी परत येतो, अशा दोन गोष्टी आपल्याच गावात घडल्या होत्या. आणि मी भर दुपारी तुझ्या नवऱ्याला मेलेला ठरवून त्याची परात मिरवत नेत होते.

तुझ्या चुलीवर मसूर होती. तू वळलीस. "ताई, हे काय?"

"पाश्काला भूक लागली असेल."

"आज गुरुवार आहे."

"मला माहीत आहे कुठला वार आहे."

"मग? कोणी मेलंय का?"

मी म्हटलं, मला स्वप्न पडलं. दोनातो ओल्या कपड्यांनी दारात उभा होता असं पडलं. तू परात माझ्या हातातून घेतलीस आणि दार लावलंस. शुक्रवारी रिकामी होडी वाहत आलेली सापडली.

एरवी कोणाचं भांडं रिकामं परत जात नाही. लिंबू तरी ठेवतात, एखादं अंडं. सांत्वनाची परात मात्र धुऊन रिकामीच परत करायची, तेवढाच निरोप असतो त्यात: होय, आमच्याकडे मयत झालं, तुमचं अन्न आम्ही खाल्लं. तू परात परत केली नाहीस. पाच महिन्यांनी पोरीला घेऊन बेल्जियमच्या गाडीत बसलीस तेव्हाही ती तुझ्या गादीत गुंडाळलेली होती, काठ बाहेर दिसत होता. मी स्टेशनच्या पाण्याच्या टाकीआड उभी होते.

स्वप्नाचं मी तेव्हाही तेच सांगितलं, आजही तेच लिहितेय. स्वप्न पडलं.

इम्माकोलाता

बुधवार, १४ मार्च

वीता,

स्वप्न पडलं नव्हतं.

पंधरा दिवस हे एवढं एक वाक्य लिहायला लागले. आता थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पास्त्याचं राहू दे.

कोसिमो त्या दिवशी तापाने घरी झोपला होता, हे आम्ही सगळ्यांना सांगितलं. तो दोनातोबरोबर गेला होता. लढाईत राहिलेल्या दारूगोळ्याची पूड त्यांनी पाण्यात फोडून मासे मारायला डब्यात भरली होती. तसे मासे अर्ध्या गावाने मारले, तुझ्या-माझ्या ताटातही आले, आपण विचारलं नाही. जुन्या बुरुजाखालच्या खाडीत गेले होते. वात आखूड होती. दोनातोने फेकायला हात मागे घेतला आणि डबा हातातच फुटला. तो लगेच गेला, वीता. एवढं मी कोसिमोला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आहे. त्याला काही कळलं नाही.

कोसिमो मंगळवारी दुपारी डोंगराच्या वाटेने चालत घरी आला, चिंब, एका कानातून रक्त. त्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही. तू एकदा त्याला हाक मारलीस, त्याने वळून पाहिलं नाही, आणि तुला वाटलं माज आला. त्याने दोनातोला शीड पांघरवून खडकाच्या कपारीत ठेवलं होतं. तो भिंतीला टेकून रडत होता. म्हणाला, "मी वीताकडे जातो. सांगतो तिला. मग ठाण्यावर जातो."

आजवर मी स्वतःलाही सांगत आले की कोसिमो घाबरला. गावाला वाटेल, नवऱ्याचा गुन्हा बायकोने झाकला. तसं नाही. तो दाराकडे गेला आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "एक गेला. दुसरा तुरुंगात गेला तर दोन घरांत मिळून एकही पुरुष उरणार नाही. वीताला आणि पोरीला खायला कोण घालणार? तू गप्प बस." तो म्हणाला, "तिला पुरायला तरी मिळू दे." मी म्हटलं, "प्रेत दाखवलंस तर हात नाही हे दिसेल, आणि हात कशाने जातो ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे." बुधवारी मीच त्याला दगड रचायला पाठवलं. होडी सोडून दे, हेही मीच सांगितलं.

तुला वाटलं असेल मी तुझ्या काळजीने हे केलं. थोडं तसंही होतं. जास्त हे होतं की मला माझा नवरा घरात हवा होता.

पण बुधवारी संध्याकाळी तुझ्याकडे आले तेव्हा तू झाकलेलं ताट दाखवून म्हणालीस, "आला की उपाशी असेल." ते मला सहन होईना. मेलेल्या माणसासाठी चूल पेटते आहे, पोर बापाच्या वाटणीला हात लावत नाही, आणि मी एकटी जाणते. तोंड उघडता येत नव्हतं. म्हणून हात कामाला लागले. खणातले तुकडे आणले, अंडी उकडली, कोंबडी कापली, हो, त्या गोळ्यांत कोंबडीचं मांस होतं, घालणारी कोंबडी होती ती. मनाशी म्हटलं, निदान त्याच्या नावाची परात तरी त्याला मिळू दे. वार कुठला आहे हे भट्टीपाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नाही.

तू त्याच क्षणी ओळखलंस, नाही का? स्वप्नाने कोणी कोंबडी कापत नाही. तुला कळलं की मला कळलंय. तू ठाण्यावर गेली नाहीस. मला एक शब्दही विचारला नाहीस. प्रेत नाही म्हणून पाद्रींनी मयताची मिस्सा केली नाही, कचेरीने विधवा मानलं नाही, काळे कपडे घातलेस तर सासू म्हणाली, "माझ्या मुलाला मारतेस का?" तू पाच महिने ना बायको ना विधवा अशी राहिलीस, आणि मी तीन घरं पलीकडे होते. कोसिमो तुझ्या दारात मासे ठेवायचा. तू ते मांजरांना घालायचीस. बरं करायचीस.

जाताना कोसिमो दोनच शब्द बोलला, "वीताला सांग." मी हो म्हटलं. मग पाश्काचं पत्र येईपर्यंत गप्प बसले, आणि ते आल्यावरही तुम्हाला पास्ता शिकवत बसले.

बुरुजाच्या पायऱ्या उतरून डाव्या हाताला गेलं की खडकात अंजिराचं झाड आहे. त्याच्या मुळाशी दगड रचले आहेत. वरच्या दगडावर कोसिमोने सुरीने क्रूस कोरला आहे. तो दर वर्षी ऑल सोल्सच्या, मेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी जायचा. मी कधी गेले नाही.

ये आणि त्याला घेऊन जा. ठाण्यावर काय सांगायचं ते मी सांगेन, या वेळी खरं.

इम्माकोलाता

बुधवार, ९ मे

वीता,

तुझी तार अजून माझ्याकडे आहे: "गुरुवारी पुरणार. जागा दाखव." आलीस, आणि सहा दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. जे घडलं ते तुझ्या डोळ्यांदेखत घडलं, तरी लिहिते. तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे, मला काय दिसलं ते नाही.

मी पुढे, तुम्ही मागे, असे पायऱ्या उतरलो. पाश्काच्या भुवया थेट बापाच्या. मी अंजिरापाशी थांबले तेव्हा ठाण्याचे दोघे दगड काढायला वाकले, आणि तू त्यांना हाताने बाजूला केलंस. तू आणि पाश्का, दोघींनीच काढले. पट्ट्याचं बक्कल सापडलं, ते तू झग्याला पुसलंस आणि खिशात घातलंस. मी तुझ्या तोंडून ऐकलेला एकच शब्द तिथला. पाश्का घाईने एक मोठा दगड ओढत होती, तू म्हणालीस, "सावकाश." जणू त्याला लागेल, अशा सुरात म्हणालीस.

ठाण्यावर मी सगळं सांगितलं. साहेब लिहीत होता. शेवटी म्हणाला, "बाई, करणारा मेला. तुम्ही घरी जा." मला वाटलं होतं निदान ओरडेल तरी.

गुरुवारी पुरलं. दहा वर्षं आणि पाच महिन्यांनी, पण वार गुरुवारच. त्या सकाळी मी पुन्हा पास्ता उकळला. तांब्याची परात नव्हती, म्हणून पत्र्याचं ताट घेतलं. ओरोंत्सो म्हातारा झालाय, डोळे गेलेत, वासावर भाजतो. त्याने विचारलं, "आज कोण?"

"दोनातो," मी म्हटलं.

त्याने टोपी काढली. "उशीर केलास गं, इम्माकोला," म्हणाला.

गल्लीतून नेताना कोणी उठलं नाही. वेनेरांदा मावशीने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. आता सगळ्यांना सगळं माहीत आहे, तेव्हा त्यांचं बरोबरच आहे. तुझ्या जुन्या घराचं दार बंद होतं. मी ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि आले. दिवसभर खिडकीत बसून राहिले. दार उघडलं नाही.

शुक्रवारी सकाळी तुमची गाडी गेल्यावर मी गेले. ताट तसंच होतं, फडकं झाकलेलं. आणि त्याच्या शेजारी आईची परात. धुतलेली, रिकामी, तीन खाचा वर करून ठेवलेली. मी आत हात फिरवून पाहिला, लिंबाचं पान देखील नव्हतं.

मला समजलं, वीता. पहिल्या परातीचं उत्तर दिलंस. दुसरीला हात लावणार नाहीस. यापुढे मी लिहिणार नाही, तुझ्या शेगडीला माझ्याकडून आता काही मिळायचं नाही.

पण घरी आणून फडकं काढलं तर ताटाचा एक कोपरा कापलेला होता. सुरीने नीट चौकोनी कापून घेतलेला, काठाचा, करपलेला. तो तू घेतला नसणार. तुला करपलेलं आवडायचं नाही. ते दोनातोला आवडायचं.

म्हणून पाश्काला तेवढं राहिलेलं सांग. मी लिहायचं टाळलं होतं. भट्टीतून काढायची घाई करायची नाही. वरचा चुरा लाल झाला की सगळ्या बायका काढतात. तरी आत ठेवायचं, काठ काळा व्हायला लागेपर्यंत. आणि परात माझ्यानंतर तिची. तिने ती रविवारी वापरावी.

बाकीचं मी खाल्लं. कोसिमोच्या वेळी परात आली नव्हती, आणि घरात दुसरं काही नव्हतं. तीन दिवस चूल पेटवली नाही, त्यातलंच थंड खाल्लं. चौथ्या दिवशी ताट धुतलं, आणि रिकामं कुठे परत करायचं ते न समजून बराच वेळ हातात घेऊन उभी राहिले.

इम्माकोलाता